पर्यटन प्रश्नोत्तरे : स्पीतीला जायचे, पण कोणत्या बाजूने?

हिमाचल प्रदेशातील किन्नौर आणि स्पीती या खोऱ्यांविषयी विचारणा करणारी बरीच पत्रे या महिन्यात आली. त्यांपैकी चार पत्रांची उत्तरे येथे देत आहोत. पहिले उत्तर लांबले आहे, कारण त्या पत्रात विचारलेले बहुतेक प्रश्न इतर वाचकांचेही आहेत.

प्रश्न : आम्ही मुलुंडला राहतो. मी, माझे यजमान, चौदा वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई असे चौघे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात स्पीतीला जाण्याचा विचार करीत आहोत. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी सुरू आहे, एरवी त्या ठणठणीत आहेत. एका सहल कंपनीने ‘आठ रात्री, नऊ दिवस’ असा कार्यक्रम दिला आहे. विमानाने चंदीगड, पहिला मुक्काम मनाली, दुसऱ्या दिवशी कुंझुम खिंडीतून थेट काझा, तेथे तीन मुक्काम, मग ताबो, कल्पा आणि सिमला करून परत. सासूबाईंना हे झेपेल का?

उत्तर : सासूबाईंचा विचार आपण केलात हे चांगलेच आहे, परंतु या कार्यक्रमात काळजी चौघांचीही करायला हवी. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि काझा सुमारे ३,६५० मीटरवर. म्हणजे एका दिवसात सोळाशे मीटर चढून, मध्ये साडेचार हजार मीटरहून उंच असलेली कुंझुम खिंड ओलांडून, रात्री काझ्याला झोपायचे, असा हा बेत आहे. आपल्या राज्यातील सर्वांत उंच शिखर असलेले कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे, यावरून मुंबईकराच्या शरीराला किती उंचीची सवय असते याचा अंदाज यावा. काझ्याला हवेचा दाब इतका कमी असतो की प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू मुंबईच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांशच असतो. शरीर त्याच्याशी जुळवून घेते, पण त्यासाठी त्याला दिवस लागतात. त्यात वय किंवा व्यायाम यांचा फारसा उपयोग होत नाही. रोज शिवाजी पार्कला फेऱ्या मारणाऱ्या तरुणाचे डोके काझ्याला ठणकू लागते आणि त्याची आजी शेजारी बसून निवांत चहा पिते, असेही घडते. आपल्या मुलाला या नियमातून वगळू नका, कारण या वयाची मुले त्रास होत असला तरी तो अंगावर काढतात.

डॉक्टर आणि गिर्यारोहक यांनी मान्य केलेला ठोकताळा असा की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. दिवसा त्याहून वर जाऊन यायला हरकत नाही, हिशेब मुक्कामाच्या उंचीचा धरायचा. स्पीतीला सिमल्याकडून गेले तर हा नियम रस्ताच पाळून देतो. नारकंडा सुमारे २,७०० मीटर, सराहन त्याहून खाली, कल्पा २,९६०, ताबो सुमारे ३,२८० आणि मग काझा, अशा पायऱ्या त्या बाजूला आपोआप मिळतात. मनालीकडून त्या मिळत नाहीत. म्हणून स्पीतीला सिमल्याकडून चढावे आणि मनालीकडे उतरावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. अनेक कंपन्या नेमके उलटे नेतात, कारण मनालीकडून अंतर कमी पडते आणि जाहिरातीत काझा तिसऱ्या दिवशीच दिसते.

आता तारखांविषयी. कुंझुम खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद होते आणि ती उघडायला मे महिन्याची अखेर, अनेकदा जूनही उजाडतो. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून मनालीवरच्या रोहतांग खिंडीचा अडसर दूर झाला, पण बोगदा स्पीतीच्या अलीकडच्या लाहौल खोऱ्यात उघडतो. त्यापुढची कुंझुम खिंड आहे तेथेच आणि तितकीच उंच आहे. तेव्हा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मनालीहून थेट काझा गाठण्याचे आश्वासन कंपनी कशाच्या आधारावर देते, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा. खिंड बंद असल्यास पर्यायी मार्ग कोणता आणि परतावा किती, हे लेखी घ्या. ‘आठ रात्री, नऊ दिवस’ यातला पहिला आणि शेवटचा दिवस विमानतळावरच जातो, हेही मोजताना विसरू नका.

आपण नऊच दिवस काढू शकत असाल, तर आमचा सल्ला असा की स्पीती यंदा सोडून द्या आणि किन्नौर नीट पाहा. सकाळच्या विमानाने चंदीगडला उतरून त्याच दिवशी नारकंडा गाठता येते. उशीर झाला तर सिमल्याला थांबावे. दुसऱ्या दिवशी सराहन, जेथे भीमाकालीचे लाकूड आणि दगड यांचे थर रचून बांधलेले मंदिर आहे. तिसऱ्या दिवशी बास्पा नदीच्या खोऱ्यात सांगला, तेथे दोन रात्री. त्यांपैकी एका दिवशी चितकूलला जाऊन परत सांगल्यालाच झोपायला यावे, कारण चितकूल सुमारे ३,४५० मीटरवर आहे. पाचव्या दिवशी कल्पा, तेथेही दोन रात्री. कल्प्याला काहीही न करता बसण्याचा दिवस आवर्जून ठेवा. समोर किन्नर कैलासची रांग असते, सकाळचे ऊन प्रथम शिखरांवर पडते आणि गावात उतरायला बराच वेळ लागतो, तोवर खोलीतून बाहेर पडताना कानटोपी लागतेच. मुलाला हिमालयातील वाळवंट पाहायचे असेल, तर कल्प्याला एक रात्र वाढवून तेथून एका दिवसात स्पीती आणि सतलज यांच्या खाब येथील संगमापर्यंत जाऊन येता येते. पूह सोडल्यानंतर झाडे विरळ होत जातात आणि खाबला उरतो तो केवळ खडक, दोन नद्यांचे पाणी आणि कड्यात कोरून काढलेला रस्ता. परतीला एक मुक्काम रामपूर किंवा नारकंड्याला करून चंदीगड गाठावे. या साऱ्या प्रवासात सासूबाईंना तीन हजार मीटरच्या वर एकदाही झोपावे लागत नाही.

त्यांच्या रक्तदाबाविषयी इतकेच सांगता येईल की औषधाने तो आटोक्यात असेल तर तेवढ्यावरून पर्वतप्रवास वर्ज्य ठरत नाही, मात्र उंचीवर पहिले काही दिवस रक्तदाब वाढू शकतो. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांची भेट घ्यावी आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, गाडीच्या टपावरच्या बॅगेत नव्हे. विरळ हवेच्या त्रासावर अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळी अनेक जण परस्पर घेतात. ज्यांना सल्फा वर्गातील औषधांची अ‍ॅलर्जी आहे किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नये. डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही सुरुवातीची लक्षणे दिसली तर आणखी वर चढायचे नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला, बोलणे असंबद्ध झाले किंवा पाऊल तिरके पडू लागले, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचे. सोबतचा ऑक्सिजनचा डबा उतरेपर्यंतच्या वेळेपुरता असतो, त्याच्या भरवशावर वर थांबायचे नसते.

पुढे कधी बारा दिवस हाती आले, तर जूनच्या मध्यानंतर किंवा सप्टेंबरमध्ये कल्प्यापर्यंत याच मार्गाने या. सांगल्याचा एक दिवस कमी केला तरी चालेल. कल्प्याला दोन रात्री, ताबोला एक आणि काझ्याला तीन रात्री काढून कुंझुममार्गे मनालीला उतरावे. ताबोचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेला आहे. बाहेरून तो मातीच्या साध्या भिंतींचा दिसतो, म्हणून अनेक गाड्या तेथे पाच मिनिटेच थांबतात. आत मुख्य सभागृहात अंधार असतो, डोळे सरावल्यावर भिंतीतून पुढे आलेल्या मातीच्या मूर्ती आणि त्यांच्यामधील चित्रे हळूहळू दिसू लागतात. तेथे छायाचित्रणाला मनाई आहे. की, किब्बर, लांगझा, कोमिक ही काझ्याभोवतीची गावे चार ते साडेचार हजार मीटरच्या घरात असल्याने ती दिवसा पाहून झोपायला काझ्यालाच यावे.

प्रश्न : आम्ही गिरगावातील तिघे मित्र ढोल-ताशा पथकात असल्यामुळे अनंत चतुर्दशीपर्यंत मोकळे होत नाही. त्यानंतर लगेच मनालीहून भाड्याच्या मोटरसायकली घेऊन स्पीती आणि चंद्रताल करायचे आहे. उशीर होईल का? परवाना लागतो का?

उत्तर : उशीर तर नाहीच, उलट आपल्या पथकाने योग्य मुहूर्त साधला आहे. स्पीती पर्जन्यछायेत असल्यामुळे तेथे पाऊस फारसा पडत नाही, पण तेथे पोहोचण्याचे दोन्ही रस्ते भर पावसाच्या मुलुखातून जातात. जुलै २०२१ मध्ये सांगला खोऱ्यात बटसेरी येथे डोंगरावरून कोसळलेल्या दगडांखाली सापडून नऊ पर्यटक मृत्युमुखी पडले. जुलै २०२३ मधील अतिवृष्टीत चंद्रतालला गेलेले पर्यटक रस्ता बंद झाल्याने कित्येक दिवस अडकले होते. सप्टेंबर सरताना दरडींचा धोका उतरतो, आकाश स्वच्छ होते आणि किन्नौरच्या बागांत सफरचंदांची तोडणी चालू असते. रात्री मात्र पारा शून्याच्या आसपास जातो आणि अवेळी बर्फ पडल्यास कुंझुम काही दिवस बंद राहू शकते. म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा.

भारतीय नागरिकांना स्पीतीसाठी परवाना लागत नाही. सीमेजवळच्या पट्ट्यासाठी इनर लाइन परवाना लागतो तो परदेशी नागरिकांना. रोहतांग खिंडीवर गाडी न्यायची असेल तर वेगळा परवाना काढावा लागतो, अटल बोगद्यातून गेल्यास नाही. तरीही मूळ ओळखपत्र जवळ असावे, आणि गाडीची कागदपत्रे भाड्याने देणाऱ्याकडून मूळ किंवा ग्राह्य स्वरूपात मागून घ्यावीत.

वर दिलेला उंचीचा हिशेब आपल्यालाही लागू आहे. सिमल्याकडून चढणे जमत नसेल, तर मनालीत दोन रात्री आणि लाहौलमध्ये सिस्सू किंवा केलाँगला, म्हणजे सुमारे तीन हजार मीटरवर, आणखी एक-दोन रात्री काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. चंद्रताल सुमारे ४,२५० मीटरवर असल्यामुळे तो जाताना न करता येताना करावा. मनालीहून निघून त्याच रात्री चंद्रतालला तंबूत झोपणे हा या मार्गावरचा सर्वांत वाईट आणि दुर्दैवाने सर्वांत लोकप्रिय बेत आहे. हा तलाव २००५ पासून रामसर यादीतील, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली, पाणथळ जागा आहे. काठावर तंबू ठोकण्यास बंदी असून मुक्कामाचे तळ काही अंतरावर आहेत.

ग्रांफू ते बातल हा रस्त्याचा खडतर भाग. तेथे वितळलेल्या बर्फाचे नाले रस्त्यावरून वाहतात, आणि दिवसभराच्या उन्हाने दुपारी त्यांचे पाणी वाढते. सकाळी गुडघ्याखाली असलेला नाला चार वाजता मोटरसायकल आडवी करू शकतो. पहाटे निघा, नाल्याजवळ आधी एकाने पायी तळ अजमावा, आणि समोरून मोठी गाडी येत असेल तर ती कोठून चाके टाकते ते पाहून घ्या. मनालीला टाकी काठोकाठ भरा, काझ्याच्या रस्त्यावर पुढचा भरवशाचा पंप काझ्यालाच आहे. रात्रीच्या बैठका मनालीतच आटोपाव्यात, कारण उंचीवर मद्यामुळे झोपेतला श्वास आणखी मंदावतो.

प्रश्न : बोरिवलीचे आम्ही निवृत्त दांपत्य विमान टाळतो. आम्हाला कालका-सिमला गाडीने जायचे आहे. राजधानीने दिल्लीला उतरून त्याच सकाळी कालक्याची गाडी मिळेल काय?

उत्तर : मिळणार नाही. मुंबईची राजधानी नवी दिल्लीला सकाळी साडेआठच्या सुमारास पोहोचते आणि कालक्याची सकाळची शताब्दी त्यापूर्वीच सुटलेली असते. संध्याकाळच्या शताब्दीने गेल्यास रात्री कालका येते. तेथे किंवा चंदीगडला मुक्काम करून सकाळची छोटी गाडी धरावी. वेळापत्रक बदलते, म्हणून तिकीट काढताना पुन्हा पाहून घ्या. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे, आणि तिन्ही गाड्या वेगवेगळ्या दिवशीच्या असल्याने मुदत उघडताच त्यांची तिकिटे एकाच बैठकीत निघत नाहीत, ती एकेका दिवसाच्या फरकाने काढावी लागतात. १९०३ मध्ये सुरू झालेला ९६ किलोमीटरचा हा कालका-सिमला मार्ग २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. प्रवासाला पाच तासांहून अधिक वेळ लागतो. ज्यांना लवकर पोहोचायचे आहे त्यांच्यासाठी ही गाडी नाही. पावसाळ्यात दरडीमुळे ती बंद पडण्याची शक्यता असते, तेव्हा त्या महिन्यांत तिच्यावर पुढचा कार्यक्रम बेतू नये.

प्रश्न : आम्ही दादरचे, पूर्ण शाकाहारी. स्पीतीत जेवणाचे हाल होतील का? पैसे आणि फोन यांचे काय?

उत्तर : हाल होणार नाहीत. होमस्टेमध्ये वरण-भात, राजमा, पोळी आणि बटाटा मिळतोच, हंगामात स्पीतीचा मटारही मिळतो. थुक्पा (शेवयांचे सूप) आणि मोमो भाज्यांचे मिळतात, मात्र मागवताना तसे स्पष्ट सांगावे. काझ्याच्या उंचीवर पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय शिजवलेला भात कणीदार राहतो. तो परत पाठवून उपयोग नाही, थोडा वेळ लागला तरी कुकर लावायला सांगावे. मेतकूट, लसणाची चटणी आणि दशम्या नेल्यात तर पहिल्या दोन दिवसांत भूक मंदावते तेव्हा त्या कामी येतील. काझ्याला एटीएम आहे, पण त्यात रोकड असेलच असे नाही. सिमला किंवा रेकाँग पिओ येथेच पुरेसे पैसे काढून ठेवा आणि त्यात पाचशेपेक्षा लहान नोटा जास्त घ्या. फोनची रेंज काझा सोडल्यावर तुटक मिळते, तेव्हा त्या दिवशीचा मुक्काम कोठे आहे हे सकाळीच घरी कळवून निघावे.