पतसंस्थेच्या सर्व्हर रूमचं वीजबिल नवे सर्व्हर घेऊन खरंच कमी होतं का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: रत्नागिरीतली पतसंस्था, दहा वर्षांहून जुने, दोन-दोन प्रोसेसरचे चार सर्व्हर, प्रत्येकाचं रीडिंग 180 वॅटच्या आसपास, सीपीयू वापर 5 ते 10 टक्के, 5 केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस आणि दीड टनाचे दोन एसी.

बिल कमी होतं. पण चारच्या जागी नवे चार घेतलेत तर पैसे वाया जातील. खरी बचत डबे (म्हणजे सर्व्हरची संख्या) कमी करण्यात आहे. रिकामा बसलेला जुना सर्व्हरसुद्धा पूर्ण लोडच्या निम्म्याच्या आसपास वीज खातो, आणि तुमचे चारही जवळजवळ रिकामेच आहेत.

24 तास चालणारा 1 वॅट वर्षाला 8.76 युनिट होतो. चार सर्व्हरचे 720 वॅट. यूपीएसची कार्यक्षमता 88 टक्के धरली तर 818. ही सगळी उष्णता एसीने बाहेर काढायची, त्याला साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे 273 वॅट. एकूण 1,091 वॅट, वर्षाला सुमारे 9,550 युनिट. 12 रुपये दर धरला (तुमचा खरा दर म्हणजे बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट) तर 1 लाख 14 हजार. त्याऐवजी 70 वॅटच्या दोन मशीन आणि 2 केव्हीएचा यूपीएस घेतला (या लहान यूपीएसची कार्यक्षमता 85 टक्के धरली), तर याच पद्धतीने 220 वॅट, म्हणजे 23 हजारांच्या आसपास. वर्षाला सुमारे 91 हजार वाचतात. आलेलं कोटेशन या आकड्याशी ताडून बघा.

खरेदीआधी दोन आठवडे आयड्रॅकमधले (डेल सर्व्हरमधली देखरेखीची सोय) पॉवर आणि सीपीयूचे आकडे नोंदवा, आणि त्यात महिनाअखेरची व्याज आकारणी आलीच पाहिजे. एरवी 5 टक्के दिसणारा डेटाबेस त्या रात्री किती मागतो, त्यावर मशीनचा आकार ठरतो. तुमच्यासारख्या कामाला मी एका सॉकेटचा (म्हणजे एकच प्रोसेसर बसणारा) सर्व्हर आणि 65 वॅट टीडीपीचा (लोडवर साधारण किती उष्णता देतो तो आकडा) प्रोसेसर बघेन. उदाहरणार्थ 12 कोरचा एएमडी एपिक 4464पी. त्याला 192 जीबीपर्यंत ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी) रॅम चालते. 16 जीबीच्या चार पट्ट्यांऐवजी 32 च्या दोन घ्या, 10 हजार आरपीएमच्या डिस्कऐवजी एसएसडी. दोन मशीन अशासाठी की एक बंद पडली तर दुसरीवर सगळे व्हर्च्युअल सर्व्हर (एकाच मशीनवर सॉफ्टवेअरने चालवलेले वेगवेगळे सर्व्हर) उभे राहावेत. विंडोज सर्व्हरचं लायसन्स कोरवर असतं आणि दर सर्व्हरला किमान 16 कोरचं घ्यावंच लागतं, त्यामुळे 32 कोरचा प्रोसेसर 'थोड्याच फरकात' मिळाला तरी लायसन्स दुप्पट होतं.

पॉवर सप्लायकडे कोणी बघत नाही. दोन 750 वॅटचे सप्लाय 180 वॅट वाटून घेतात, म्हणजे प्रत्येकावर जेमतेम 12 टक्के लोड. 80 प्लस (सप्लायच्या कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र) गोल्ड किंवा प्लॅटिनमची चाचणी 20 टक्क्यांपासून वर होते. 10 टक्क्यांची अट टायटॅनियमपासून वरच्या दर्जालाच आहे. म्हणजे तुम्ही जिथे चालवता तिथे गोल्डचा शिक्का काहीच सांगत नाही. मिळेल तो सर्वांत लहान सप्लाय मागा. सर्व्हरमध्ये हॉट स्पेअरची सोय असेल तर चालू करा, मग एक सप्लाय जवळजवळ झोपून राहतो.

बायोसमध्ये (सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्ये) पॉवर प्रोफाइल 'मॅक्सिमम परफॉर्मन्स'वर असेल तर 'परफॉर्मन्स पर वॅट'वर आणा आणि सी-स्टेट (रिकाम्या प्रोसेसरच्या कमी विजेच्या झोपेच्या पायऱ्या) चालू ठेवा. डेटाबेसची चाल अडखळू लागली तर फक्त सी6 ही गाढ झोपेची पायरी बंद करा, बाकीच्या तशाच राहू द्या. पंख्याची वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग 70 टक्क्यांवर आला की वीज 34 टक्क्यांवर येते. कंपनीच्या यादीबाहेरचं पीसीआयई कार्ड (आत बसवायचं जादा कार्ड) लावलं की काही सर्व्हर खबरदारी म्हणून पंखे वेगात फिरवत राहतात, तेही तपासा.

आता कोकणातली अडचण. सर्व्हरच्या तोंडाशी (जिथून तो हवा आत घेतो तिथे) 27 अंशांपर्यंत तापमान चालतं, म्हणून एसी 18 वर ठेवायची गरज नाही, 24-25 पुरे. मात्र 'खिडकी उघडून फुकटची हवा' हा सल्ला इथे विसरा. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ बोर्डावर बसतं आणि हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की पाणी ओढून घेतं. त्यातून गंज आणि गळती प्रवाह. गंमत अशी की लोड कमी केल्यावर हाच धोका वाढतो: दीड टनाचा एसी 5,275 वॅट उष्णता ओढतो, तुमची खोली देणार 165. जुना फिक्स्ड स्पीड कॉम्प्रेसर खोली पटकन गार करून थांबतो, दमट हवा तशीच राहते, आणि आषाढात भिंतींना ओल धरते. 80 रुपये वाचवून 800 घालवण्यातला प्रकार. दाराच्या फटी बुजवा, रॅकजवळ हायग्रोमीटर लावा, 60 टक्क्यांवर गेलं तर छोटा डीह्युमिडिफायर किंवा एसीचा ड्राय मोड वापरा. जागा असेल तर एक टनाचा इन्व्हर्टर एसी बरा. जुन्यातला एक राखीव राहू द्या.

यूपीएसचा इको मोड लावू नका. वळवाच्या गडगडाटात लाइन जाते-येते आणि त्या मोडमध्ये लोड थेट मेनवरच असतो. जांभ्याच्या कातळावर अर्थिंग चांगलं लागत नाही, तेव्हा मे महिन्याआधी ते मोजून घ्या.

काढलेले सर्व्हर गोदामात टाकू नका, थंड यंत्र चालू यंत्रापेक्षा लवकर गंजतं. राखीव म्हणून ठेवायचा असेल तो त्याच खोलीत, जाड प्लास्टिकमध्ये सिलिका जेलसकट बांधून ठेवा.