पोतं फोडण्याआधी चिखल बघ

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

लावणीला तीन आठवडे झाले, भात पिवळं पडलं, म्हणून आणखी एक पोतं युरिया फेकणार आहेस, असं लिहिलंस. थांब. आधी खाचरात उतर आणि फावड्याने चिखलाचं ढेकूळ अलगद उचलून कापून बघ. वर काही मिलिमीटर जाडीची तांबूस साय दिसेल, खाली निळसर काळा चिखल. मुळांभोवती मात्र गंजासारख्या रेघा असतील, कारण भात स्वतःच्या मुळांतून थोडा ऑक्सिजन खाली सोडतं. तुझा युरिया कुठे गेला, ते या दोन रंगांत आहे.

युरियाचं अमोनियम होतं. त्यातलं काही अमोनिया होऊन वरच्या वर उडतं, ते वेगळं. उरलेल्याचं तांबूस सायीतले जिवाणू नायट्रेट करतात, कारण तिथे त्यांना ऑक्सिजन मिळतो. नायट्रेटला माती धरून ठेवत नाही. ते पाण्याबरोबर काळ्या चिखलात उतरतं. तिथे ऑक्सिजन संपलेला. मग स्युडोमोनास, पॅराकॉकस यांच्यासारखे जिवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनच्या जागी नायट्रेट वापरतात. त्यांचं अन्न म्हणजे सडतं धसकट, शेणखत. नायट्रेट हा त्यांचा श्वास. हा फरक पक्का कर, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नायट्रेटचं नायट्राइट, मग नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड, आणि शेवटी नायट्रोजन वायू होऊन तो हवेत जातो. पुस्तकात याला विनायट्रीकरण म्हणतात.

शेवटची पायरी ज्या विकराने (एन्झाइमने) होते त्यात तांबं असतं, आणि आम्ल जमिनीत ते विकर नीट घडत नाही. आपली कोकणची जांभी माती आम्लच. मग वाट अर्ध्यावर थांबते आणि नायट्रस ऑक्साइड निसटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट उष्णता धरतो.

तरी या जिवाणूंना शत्रू समजू नकोस. ते नसते तर नायट्रेट विहिरींत साचत गेलं असतं, आणि पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅमच आहे.

उमेदीच्या काळात मी एका खाचराला खत देऊन आठवडाभर पाणी तोडलं, भेगा पडू दिल्या, मग पुन्हा भरलं. सुकताना अमोनियमचं नायट्रेट झालं, भरल्यावर ते उडालं. पीक पिवळंच राहिलं. त्या शेतकऱ्याचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे.

पुढच्या वर्षी चारसूत्री या भातलावणीच्या पद्धतीप्रमाणे लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या जुडग्यांच्या, मधोमध युरिया आणि डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या खतांची 2.7 ग्रॅमची एकेक गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोच. काळ्या चिखलात अमोनियम अमोनियमच राहतं, मातीचे कण त्याला धरून ठेवतात. हात दुखतील, पण गोळी वर ठेवून भागणार नाही.

यंदा आधी पानं बघ. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र, म्हणजे नायट्रोजन, कमी पडलंय. कोवळी असतील तर कारण दुसरं आहे, युरियाने ते सुटणार नाही. नत्रच असेल तर पाणी उतरवून थोडाच हप्ता दे, चिखलात मिसळ, मग भर आणि बांध फुटू देऊ नकोस.

ढेकूळ कापलंस की सायीची जाडी पट्टीने मोजून कळव.

तुझे,
सर