शेक संपले, पण भाकर घशाखाली उतरेना

प्रश्न : ताई, आम्ही यावल तालुक्यातले. सासऱ्यांचं गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग मानेपर्यंत शेक (रेडिएशन) झाले, त्याला आता सहा महिने होतील. डॉक्टर म्हणतात सगळं छान आहे. पण तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही, सारखं कोरडं पडतं, घरात भरीत केलं की उठून ओट्यावर जाऊन बसतात. आता खालची दाढ दुखतेय तर गावात जाऊन काढून येतो म्हणतात. जाऊ द्यावं का?

उत्तर : अजिबात नाही, आधी दाढेचं थांबवा! शेक बसलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, तिथली दाढ उपटली तर जखम भरत नाही, कधी कधी हाड उघडं पडून सडतं, आणि हा धोका पुढे कित्येक वर्षं राहतो. आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा, शेकाचे कागद दातवाल्यांना दाखवा, बरेचदा रूट कॅनलवर भागतं. आणि दाढेत तंबाखू-मिसरी दाबू देऊ नका, आपल्याकडे हा उपाय कोणी ना कोणी सांगतंच.

तोंड तीन बोटं उघडायला हवं. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या, मग आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दाढांमधे धरायच्या, सवय झाली की एक वाढवायची, रोज चार-पाच वेळा, झटका न देता. कंटाळून हेच सोडतात लोक आणि स्नायू आतून आखडत जातात.

लाळ कमी झालीय, ती पूर्ण परत येईलच असं नाही, त्यात आपला जळगावचा मे महिना. पाण्याची बाटली कायम जवळ हवी, लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ नि चमचाभर खायचा सोडा घालून गुळण्या, आणि दातांसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली फ्लोराइडची पेस्ट, लाळ नसली की दात भराभर किडतात.

जेवणात बट्टी सध्या राहू द्या, भाकर वरणात चांगली कुस्करून द्या. भरीत त्यांच्यापुरतं बिनमिरचीचं, दही घालून, पातळसर करा ना, ओट्यावरून उठून येतील की! केळी तर घरचीच असतील, दुधात कालवून द्या. मात्र घोटागणिक ठसका लागत असेल तर थांबू नका, अन्न श्वासनलिकेत जात असेल, डॉक्टरांना दाखवा.

शेक मानेलाही होते, त्याने तिथली थायरॉईड ग्रंथी मंदावू शकते, म्हणून दर सहा-बारा महिन्यांनी थायरॉईडची टीएसएच ही रक्ततपासणी करा, गळून गेल्यासारखं वाटलं की घरचे वयावर ढकलतात आणि ते राहूनच जातं.