भूकंप भूपट्टांच्या कडेला होतो, मग किल्लारीला कसा झाला?

प्रश्न : मुलाच्या भूगोलात भूकंप भूपट्टांच्या सीमेवर होतात असे आहे. मग हिमालयापासून हजारावर किलोमीटर दूर असलेल्या किल्लारीला तो कसा झाला? – एक वाचक, औसा

उत्तर : पुस्तक चूक नाही, अपुरे आहे. बहुतेक भूकंप भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या प्रचंड तुकड्यांच्या, कडांवरच होतात : पट्ट एकमेकांपासून दूर जातात (आइसलँड), आदळतात (हिमालय) किंवा बाजूने घासतात (कॅलिफोर्निया). पण भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंमी वेगाने ईशान्येकडे सरकत युरेशियन पट्टाला रेटतो, आणि त्या रेट्याचा ताण पट्टाच्या पोटातल्या जुन्या भेगांपर्यंत येतो. तिथे तो फार संथ साठतो. दोन मोठ्या धक्क्यांमध्ये हजारो वर्षेही जातात आणि माणसे निर्धास्त होतात. १९९३ मधल्या भूकंपधोक्याच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या भागातच होती! (कोयनेचे वेगळे. १९६७ च्या भूकंपात जलाशयाच्या पाण्याने ताणलेल्या भेगांना चालना मिळाली, असे मानले जाते.)

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचे भूकंपमान ६.२ होते, ते काही अफाट नव्हे. पण केंद्र उथळ होते, लोक झोपेत होते आणि खरा घात घरांनी केला. जाड भिंतीचे आतले-बाहेरचे दगडी थर वेगवेगळे, मध्ये माती आणि कपऱ्या, डोक्यावर मातीचे जड माळवद. हादरा बसताच थर फुगून सुटले आणि माळवद खाली आले. दगडी घर बांधायचेच असेल तर भिंतीच्या दर ६० सेंमी उंचीला, आडवे फार तर १.२ मीटर अंतरावर, आरपार जाणारा लांब दगड घाला. दाराखिडक्यांच्या माथ्यावर सगळ्या भिंतींवरून काँक्रीटची सळईबंद पट्टी फिरवा, जाडी किमान ७५ मिमी. गवंडी ही पट्टी कोपऱ्यात तोडतात. तिथे सळया वळवून पुढच्या भिंतीत नेल्या नाहीत तर पट्टीचा काही उपयोग नाही.

प्रश्न : दरड कोसळणे भूगर्भीय आपत्ती की हवामानाची? – एक वाचक, महाड

उत्तर : दोन्ही. उतार आणि कुजलेला खडक भूगर्भाचा, ढकलणारे पाणी पावसाचे. माळीण (२०१४) आणि इर्शाळवाडी (२०२३), दोन्हीकडे कारण मुसळधार पाऊस, भूकंप नव्हे. भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही. दरड मात्र पुष्कळदा खुणा देते. उतारावर नवी भेग, झाडे किंवा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, दार चौकटीत अडकू लागणे. यातले काही दिसले आणि पाऊस चालू असेल, तर रात्र होण्याआधी घर सोडा, आणि ओढ्याच्या पात्राने खाली उतरू नका.