अण्वस्त्रांमुळे सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्यात आणि विचारात काय बदललं?

तुम्ही विचारलंय की अणुबॉम्बचा सामान्य लोकांच्या रोजच्या जगण्यावर आणि विचारांवर नेमका काय परिणाम झाला. माझं उत्तर जपानपुरतं आहे, आणि तेही हिरोशिमापेक्षा १९५४ सालाबद्दल. अणुबॉम्ब जपानी माणसाच्या घरात शिरला तो त्या वर्षी, मासळीबाजारातून.

हिरोशिमा-नागासाकीनंतर १९५२ पर्यंत जपान अमेरिकेच्या ताब्यात होता. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. त्यामुळे त्या दोन शहरांबाहेरच्या लोकांनी जळालेल्या माणसांचे फोटोसुद्धा फारसे पाहिलेले नव्हते.

१ मार्च १९५४ ला अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. अंदाज पाच-सहा मेगाटनांचा होता, स्फोट झाला १५ मेगाटनांचा, म्हणजे हिरोशिमाच्या हजारपट. तिथून सुमारे १५० किलोमीटरवर, जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर, ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही जपानी लाकडी बोट मासेमारी करत होती. बोटीवर २३ खलाशी होते. काही तासांनी त्यांच्या अंगावर पांढरी भुकटी पडू लागली. ते बिकिनीचं जळालेलं, किरणोत्सर्गी प्रवाळ होतं. ती डोक्याखांद्यांवर झेलतच खलाशी दोर ओढत राहिले.

१४ मार्चला बोट याइझू बंदराला लागली आणि मासळी नेहमीसारखी बाजारात गेली. दोन दिवसांनी बातमी फुटली, तोवर ओसाकात काहींनी ते मासे खाल्लेही होते. टोकियोच्या त्सुकिजी बाजारात ट्यूना (आपला कुपा) आवारातच खड्डा खणून पुरले. अधिकारी एकेका माशावर गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र) फिरवत होते. पुढच्या काही महिन्यांत साडेआठशेहून जास्त बोटींची मासळी फेकून द्यावी लागली. दुकानांत गिऱ्हाईक फिरकेना. पावसातही किरणोत्सर्ग सापडला, तेव्हा पावसात भिजू नका म्हणून आया मुलांना बजावू लागल्या.

इथून पुढे जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टोकियोच्या सुगिनामी भागात मासेविक्रेते आणि गृहिणी पुढे आल्या. वाचनासाठी जमणाऱ्या बायका दारोदार फिरून अण्वस्त्रबंदीसाठी सह्या गोळा करू लागल्या. त्या एका भागात अडीच लाखांच्या वर सह्या झाल्या, आणि ऑगस्ट १९५५ पर्यंत देशभरात तीन कोटींच्या वर. पुढाऱ्यांनी हे सुरू केलेलं नव्हतं. ताटातला मासा नासला म्हणून बायका उठल्या, आणि त्यातून हिरोशिमाच्या जखमींकडेही देशाचं लक्ष गेलं. आपल्याकडे नेहरूंनी २ एप्रिल १९५४ ला लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली, तीही याच स्फोटानंतर.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘गोजिरा’ (गॉडझिला) पडद्यावर आला. सुरुवातीलाच समुद्रात लख्ख उजेड पडतो आणि एक बोट पेटते. पुढे लोकलमध्ये एक बाई कुरकुरते: आधी किरणोत्सर्गी ट्यूना, मग पाऊस, आणि आता हा राक्षस गोजिरा! पुढे आलेल्या रबरी राक्षसांच्या सिनेमांवरून या चित्रपटाला जोखू नये. तो शोकपट आहे.

आता उलटी बाजू. ज्या ‘योमिउरी’ वृत्तपत्राने बोटीची बातमी फोडली, त्याच्याच पुढाकाराने १९५५ च्या अखेरीस टोकियोत ‘शांततेसाठी अणुशक्ती’ हे प्रदर्शन भरलं. मुलांचा लाडका कॉमिक नायक ‘अ‍ॅटम’ हा अणुशक्तीवर चालणारा रोबोट, आणि त्याच्या बहिणीचं नाव उरान, म्हणजे युरेनियमवरून. बॉम्बचा तिटकारा आणि अणूचं कौतुक एकाच घरात सुखाने नांदत होतं. मला यात ढोंग दिसत नाही. कोळशा-तेलाची चणचण असलेला तो देश होता, आणि त्याला काहीतरी चांगलं हवं होतं.

खलाशांच्या वाट्याला मात्र कौतुक आलं नाही. रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबर १९५४ ला वारले. बाकीच्यांना भरपाईचे पैसे मिळाले, तर शेजारीपाजारी जळू लागले. माताशिची ओइशी हे खलाशी गाव सोडून टोकियोच्या गर्दीत गेले, तिथे लाँड्री चालवली आणि आपण कोण हे लपवलं. त्यांचं पहिलं मूल मृत जन्मलं. बॉम्बने पोळलेल्यांबद्दल लग्नाच्या बाजारात आणि शेजारात जी भीती बसली, तीही लोकमानसच, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. ओइशी १९८३ पासून शाळकरी मुलांशी बोलू लागले आणि म्हातारपणापर्यंत बोलत राहिले.

कधी टोकियोला गेलात तर युमेनोशिमाला जा. ती बोट तिथे जपून ठेवली आहे.