फ्रेंच बातमीत अणुभट्टीचं 'दिव्हेर्जांस' झालं असं आहे. म्हणजे बिघाड झाला का? मराठीत काय लिहायचं?

बिघाड अजिबात नाही. साखळी प्रक्रिया, म्हणजे न्यूट्रॉननी अणू फोडायचा आणि त्यातून सुटलेल्या न्यूट्रॉननी पुढचे, ती स्वबळावर चालू लागली, एवढाच त्याचा अर्थ. नॉर्मंडीतल्या फ्लामांव्हिलच्या तिसऱ्या भट्टीचं दिव्हेर्जांस ३ सप्टेंबर २०२४ ला झालं. ट्रॉम्बेची अप्सरा ही भट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला 'क्रिटिकल' झाली, तीच ही अवस्था.

भट्टी सुरू करताना न्यूट्रॉन शोषणाऱ्या नियंत्रक कांड्या टप्प्याटप्प्याने वर घेतात, फ्लामांव्हिलसारख्या भट्टीत पाण्यातलं बोरॉनही कमी करत नेतात, कारण तेही न्यूट्रॉन शोषतं. प्रत्येक पिढीत न्यूट्रॉन किती पट होतात त्या आकड्याला 'के' म्हणतात. के ०.९ असेल तर भट्टीत ठेवलेल्या न्यूट्रॉन-उद्गमातून येणारे न्यूट्रॉन १० पट होऊन स्थिरावतात, ०.९९ ला १०० पट. के १ झाला की बेरीज स्थिरावतच नाही; गणितात अशाच श्रेणीला अपसारी (डायव्हर्जंट) म्हणतात. नियंत्रण कक्षात न्यूट्रॉनच्या मोजणीच्या व्यस्ताचा (१ भागिले मोजणी) आलेख काढतात. रेषा खाली उतरत जाते आणि ती शून्याला कुठे टेकेल यावरून तो क्षण आधीच ताडतात. के १ च्या जवळ गेला की मोजणी स्थिर व्हायला जास्त वेळ लागतो. तेवढं न थांबता पुढची कांडी ओढली तर आकडा कमी दिसतो आणि भट्टी अंदाजाच्या आधीच तिथे पोचते.

आता दिव्हेर्जांसला मराठीत 'विचलन' लिहिणाऱ्यांबद्दल. त्यांच्याशी माझा वाद जुना आहे आणि तो मी सोडणार नाही. विचलन म्हणजे ठरल्या वाटेवरून ढळणं: लोलकातला विचलन कोन, संख्याशास्त्रातलं प्रमाण विचलन. भट्टीच्या बातमीत तो शब्द घातला की वाचक घाबरतो. जैतापूरला प्रस्तावित असलेल्या भट्ट्या फ्लामांव्हिलसारख्याच ईपीआर या फ्रेंच प्रकारच्या आहेत, तेव्हा कोकणात ही चूक महागात पडेल. एका परक्या शब्दाला एकच मराठी शब्द हा हट्टच मुळात चुकीचा. भिंग अपसारी, सदिश क्षेत्राचं अपसरण, आणि फ्रेंच राजकारणाच्या बातमीत हाच शब्द आला तर सरळ मतभेद.

'भट्टी क्रिटिकल झाली' हेही मथळ्यात नको. आपल्याकडे क्रिटिकल असतो तो रुग्ण. 'साखळी प्रक्रिया सुरू झाली' असं लिहा. मात्र 'वीजनिर्मिती सुरू' लिहू नका, फ्लामांव्हिलची वीज ग्रिडला पोचली ती २१ डिसेंबरला.