स्नो-आरएनएपासून प्रथिन बनत नाही, मग पेशीत त्याचं काम काय?

तुम्ही पुढे असंही विचारलंय की आरएनएत रासायनिक बदल करायला एन्झाइम आहेतच, तर मध्ये हा छोटा आरएनए कशाला? आधी त्याकडेच वळतो, खरी मेख तिथे आहे.

स्नो-आरएनए, म्हणजे पेशीकेंद्रातल्या न्यूक्लिओलस या भागातला छोटा आरएनए, स्वतः काहीच बदलत नाही. तो जागा दाखवतो, बदल त्याच्यासोबतचं एन्झाइम करतं. ई. कोलाय जिवाणूच्या रायबोसोमच्या (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) आरएनएत स्यूडोयुरिडिन, म्हणजे युरिडिन या अक्षराचं बदललेलं रूप, जेमतेम ११, आणि ती घडवायला ७ वेगवेगळी एन्झाइम. आपली जागा ज्यानं त्यानं ओळखायची. माणसात अशा जागा शंभराच्या आसपास आहेत, शिवाय जवळपास तितक्याच ठिकाणी आरएनएच्या अक्षरातल्या रायबोज साखरेवर मिथाइल हा छोटा रासायनिक गट लावायचा असतो. एवढ्यांसाठी वेगवेगळी एन्झाइम सांभाळण्यापेक्षा पेशी दोनच वापरते: मिथाइल लावायला फायब्रिलारिन, स्यूडोयुरिडिन करायला डिस्केरिन. पत्ता सांगणारे स्नो-आरएनए मात्र ढीगभर.

तो पत्ता किती नेमका असतो, हे मला पुस्तक वाचून नाही, वहीत पेन्सिलीनं जोड्या लावल्यावर पटलं. सी/डी प्रकारच्या स्नो-आरएनएत सी-यू-जी-ए अशी चार अक्षरं शोधा, तो डी बॉक्स. त्याच्या लगेच अलीकडची दहा ते वीस अक्षरं रायबोसोमच्या आरएनएशी जोडी जमवतात. आता डी बॉक्सपासून मागे मोजा: एक, दोन, तीन, चार, पाच. त्या पाचव्या अक्षरासमोर रायबोसोमच्या आरएनएचं जे न्यूक्लिओटाइड (अक्षर) येईल, मिथाइल त्याच्याच साखरेवर. चौथ्यासमोर नाही की सहाव्यासमोर नाही! १९९६ मध्ये संशोधकांनी मुद्दाम वेगळा पत्ता लिहिलेले स्नो-आरएनए पेशीत घातले, तर मिथाइल खरोखरच नव्या जागी बसला. यापेक्षा स्वच्छ पुरावा मला तरी माहीत नाही.

दुसरा प्रकार एच/एसीए. यात आरएनए केसाच्या पिनेसारखा दुमडतो आणि पिनेच्या मधल्या फुगीर भागात लक्ष्य आरएनए दोन्ही बाजूंनी जोडला जातो. मधलं युरिडिन आणि त्याच्या शेजारचं एक अक्षर तेवढं बिनजोडीचं उरतं, डिस्केरिन त्यातलं युरिडिन धरतं.

आता ‘प्रथिन बनत नाही’ याबद्दल. आपले बहुतेक स्नो-आरएनए दुसऱ्या जनुकांच्या इंट्रॉनमध्ये असतात, म्हणजे जो भाग कापून टाकला जातो त्यात. एका जनुकाची गोष्ट तर मला फार आवडते. त्याच्या इंट्रॉनांमधून यू२२ आणि आणखी काही स्नो-आरएनए निघतात, आणि एक्सॉन, म्हणजे कापल्यावर उरलेले भाग, जोडून जो आरएनए बनतो त्यातून कुठलंच कामाचं प्रथिन होत नाही. नेहमीचा हिशेब इथे चक्क उलटा!

सगळेच स्नो-आरएनए पत्ता सांगत नाहीत. यू३ रायबोसोमचा लांबलचक पूर्व-आरएनए योग्य जागी कापला जावा यासाठी लागतो. पण स्नो-आरएनए नसले तर काय बिघडतं, हे प्राडर-विली सिंड्रोम या जनुकीय आजारात दिसतं. या मुलांना लहानपणी स्नायू ढिले असतात, पुढे न शमणारी भूक लागते. काही रुग्णांमध्ये वडिलांकडून आलेल्या १५ व्या गुणसूत्रावरचा छोटासाच तुकडा गळालेला सापडला, आणि त्यात एसएनओआरडी११६ या स्नो-आरएनएच्या प्रतींची रांग होती.